डाव ‘सुटणे’ आणि डाव ‘सोडविणे’

बुद्धिबळाच्या डावासंबंधी मराठीत दोन वाक्ये रूढ आहेत : ‘डाव बरोबरीत सुटला’ आणि ‘त्याने डाव बरोबरीत सोडविला’. पहिल्या वाक्यात कर्ता डावच आहे. तेथे कोणाचाही हेतू गृहीत नाही. दुसऱ्यात खेळणाऱ्याचा हेतू व प्रयत्न अभिप्रेत आहेत. संगणकावर बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रास बुद्ध्याच बरोबरीसाठी खेळावयास कसे लावावे, या प्रश्नाला जी उत्तरे सुचविली जातात, त्यांत हा भेद पुसला जातो. प्रस्तुत लेखात त्या उत्तरांची परीक्षा करावयाची आहे.

क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात विजयास +१, बरोबरीस ० आणि पराभवास −१ अशी मोले दिली. परंतु डावाच्या अखेरीपर्यंत पाहणे यंत्रास अशक्य असल्यामुळे मधल्या स्थितीचे मोल अदमासानेच ठरवावे लागते : प्याद्यास १, हत्तीस ५, वजिरास ९, आणि त्यांत मोहऱ्यांच्या जागांचा विचार. परिणामी शून्य या एकाच चिन्हास दोन अर्थ चिकटले. ‘निकाल लागला, कोणीच जिंकले नाही’ हा एक. ‘उभय पक्ष तूर्त तुल्यबळ आहेत’ हा दुसरा. पहिला अर्थ अंताचा, दुसरा प्रवाहाचा.

सर्वांत सोपा उपाय असा सांगितला जातो की, यंत्राने शून्याच्या सर्वांत जवळची खेळी निवडावी. येथे दुसरा अर्थ पहिल्याच्या जागी बसविला आहे. ज्या स्थितीत दोन्ही राजांवर एकाच वेळी हल्ला चढलेला आहे, तिचेही मोल शून्य येऊ शकते; तिला बरोबरीच्या निकट कोण म्हणेल? शिवाय प्रतिपक्षाने वजीर गमावला की असे यंत्र आपलाही वजीर देऊन टाकते. यास खेळणे म्हणणे कठीण. ही केवळ परतफेड होय.

दुसरा उपाय अधिक विचारपूर्वक वाटतो : मोलांचा क्रमच बदलावा, बरोबरीस +१, विजयास ०, पराभवास −१ द्यावेत. पण या यंत्रांचा शोध एका गृहीतकावर उभा असतो : एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी. चिन्हे उलटी केली की प्रतिपक्षाची आवड अशी ठरते : प्रथम स्वतःचा विजय, त्यानंतर स्वतःचा पराभव आणि सर्वांत शेवटी बरोबरी! म्हणजे बरोबरीपेक्षा मात पत्करणारा एक विचित्र शत्रू यंत्र कल्पिते आणि त्याच्याशी झुंजते. समोरच्या माणसाशी नव्हे. दोन्ही पक्षांच्या इच्छा स्वतंत्रपणे मोजाव्यात, तर निरुपयोगी शाखा छाटण्याची जी ‘आल्फा-बीटा’ रीत शोधास वेग देते, तिचा मूळ आधारच सुटतो.

तिसरा मार्ग मध्यम आहे. विजय, बरोबरी, पराभव हा क्रम कायम ठेवून बरोबरीचे मोल थोडे वर किंवा खाली सरकवावयाचे. या अंकास इंग्रजीत तुच्छतावाचक नाव आहे : प्रतिपक्ष दुबळा समजला की बरोबरी कमी लेखावयाची. स्टॉकफिश या यंत्रात ही सोय पुष्कळ वर्षे होती. पुढे ती काढून टाकण्यात आली. अंक उलट दिशेने सरकविला, बरोबरीचे मोल अर्ध्या प्याद्याएवढे धरले, तर तेवढ्याहून अधिक लाभ दिसत नसेल तेव्हा यंत्र पुनरावृत्ती स्वीकारते. हा उपाय आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो. मात्र यातून निर्माण होते ते समाधान, इच्छा नव्हे.

लीला या यंत्राने विजय, बरोबरी व पराभव यांच्या संभाव्यता तीन पृथक् अंकांनी सांगण्यास आरंभ केला, तेव्हा शून्याचे दोन अर्थ वेगळे झाले. बरोबरीची संभाव्यता मोठी असणे आणि जय-पराजयाची पारडी समान असणे, या दोन गोष्टी आता निरनिराळ्या लिहिता येतात. सात किंवा त्याहून कमी मोहरी उरलेल्या स्थितींची कोष्टके २०१२ साली मॉस्को येथे तयार झाली. त्या क्षेत्रात तर शून्यास एकच अर्थ उरतो.

२०१७ साली अल्फाझीरो व स्टॉकफिश यांच्या शंभर डावांपैकी ७२ बरोबरीत सुटले. बरोबरी मात्र कोणासच हवी नव्हती. म्हणून निकालांची संख्या मोजून हेतूचे अनुमान करणे अयुक्त होय. हा विवेक व्यवहारातही आवश्यक आहे. नवशिक्यास उत्तेजन मिळावे म्हणून बरोबरी करणारे यंत्र त्याच्या हाती दिले, आणि ते पहिल्या उपायाने चालत असले, तर त्याच्या प्रत्येक चुकीस तेवढीच चूक उत्तर देईल. आपण डाव सोडविला असे त्या मुलास वाटेल. वास्तविक तो त्याच्यासाठी सोडविलेला असेल, आणि आपली चूक कोठे झाली हे त्यास कधीच कळणार नाही. चांगला शिक्षक बरोबरी देतो तीही अशी की, ती वाचविण्यासाठी विद्यार्थ्यास अचूक खेळी शोधावी लागते. यंत्राकडून हेच हवे असेल, तर त्यास शून्य गाठावयास सांगून भागणार नाही. कोणते शून्य, हे आधी सांगावे लागेल.