जुने म्हणजे मुक्त नव्हे : चित्रांचा प्रताधिकार आणि डिझायनरचे गृहीतक

प्रस्तावना
नवी मुंबईतील दिवाळे या कोळीवाड्यासाठी नारळी पौर्णिमेचे भित्तिपत्रक करावयाचे झाल्यास डिझायनरची पहिली गरज चित्राची असते. होडी, जाळे, लुगडे नेसलेली कोळीण अशी चित्रे संगणकावर क्षणात सापडतात. आणि चित्र जुने दिसले की ते सर्वांचेच, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन
भारतीय प्रताधिकार कायदा, 1957 नुसार चित्राला कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे संरक्षण मिळते. 1992 च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत 50 वर्षे होती. म्हणजेच मोजणी चित्राच्या वयावरून नव्हे, तर कलावंताच्या निधनावरून होते.

मराठी घरांना परिचित अशा चार चित्रकारांवरून हे स्पष्ट होईल. राजा रविवर्मा 1906 मध्ये निवर्तले. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून घरोघरी पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती आज प्रताधिकारमुक्त आहेत. म. वि. धुरंधर यांचे निधन 1944 चे. त्यांची चित्रे 1 जानेवारी 2005 पासून मुक्त झाली. मात्र दीनानाथ दलाल 1971 मध्ये आणि रघुवीर मुळगावकर 1976 मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांचा प्रताधिकार अनुक्रमे 2031 व 2036 अखेरपर्यंत राहील. धुरंधर आणि दलाल यांची 1943 सालची एकेक चित्रे शेजारी ठेवली, तर दोहोंचे वय एकच. परंतु एक मुक्त आणि दुसरे संरक्षित!

छायाचित्रांबाबत घोटाळा अधिक आहे. पूर्वी त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाई. 2012 च्या दुरुस्तीने कलम 25 वगळल्यावर तीही छायाचित्रकाराच्या निधनाशी जोडली गेली. शिवाय मुदत आणि मालकी हे वेगळे प्रश्न आहेत. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, कलम 17 नुसार काढून घेणारा ठरतो. त्यामुळे दिनदर्शिकेवरील चित्रासाठी परवानगी चित्रकाराच्या वारसांकडे मागावी की प्रकाशकाकडे, हे मूळ व्यवहार पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

येथे कायद्याचीही उणीव दिसते. मालक सापडत नसल्यास कलम 31अ अन्वये परवान्याचा मार्ग आहे. पण अर्जापूर्वी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो. कोळीवाड्याच्या एका भित्तिपत्रकास हा खर्च झेपणारा नाही. ज्यांना कायदा पाळावयाचा आहे, त्यांनाच तो दूर लोटतो.

याउलट, मुक्त चित्राबाबत डिझायनरचे कर्तव्य संपते असेही नाही. कलम 57 कलावंताचे नाव आणि कृतीची अखंडता यांना प्रताधिकारापासून स्वतंत्र मानते. धुरंधरांचे रेखाटन विनामूल्य घेता येते. त्यांचे नाव पुसणे मात्र औचित्याला धरून नाही.

समारोप
उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला म्हणूनच चार प्रश्नांची सवय लावणे आवश्यक ठरते : चित्र कोणाचे, तो कलावंत केव्हा निवर्तला, हक्क आज कोणाकडे आणि श्रेय कोठे दिले? उत्तरे न मिळाल्यास दिवाळ्याच्या बंदरावर जाऊन लेखी संमतीने नवे छायाचित्र घेणे हाच प्रामाणिक मार्ग होय. त्यात कोळीणही खरी असेल आणि हक्कही निर्विवाद.