सातव्या पेनल्टीआधीचं बोट

21 मे 2008, मॉस्कोचं लुझ्निकी मैदान. चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी 1-1 असे अडलेले. मध्यरात्र उलटलेली, पाऊस सुरू, आणि निकाल पेनल्ट्यांवर. त्या रात्रीचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो पाय घसरलेला चेल्सीचा टेरी. मला विचाराल तर त्या रात्रीचा सर्वांत देखणा क्षण चेंडूला पाय लागण्याआधीचा आहे.

चेल्सीकडे एक टिपण होतं, इग्नासिओ पालासिओस-उएर्ता या अर्थतज्ज्ञाचं. त्यांनी 1,417 पेनल्ट्या तपासून 2003 साली दाखवलं होतं की व्यावसायिक खेळाडू गणितज्ञ फॉन नॉयमनच्या 1928च्या सिद्धान्ताला धरूनच, म्हणजे समोरच्याला अंदाज येणार नाही अशी बाजू बदलत, खेळतात. हुकमी बाजूला, म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूसाठी गोलरक्षकाच्या उजवीकडे आणि डावखुऱ्यासाठी डावीकडे, शंभरात साठेक फटके, उरलेले बहुतेक दुसरीकडे. कुठेही मारा, गोलाची शक्यता जवळपास तेवढीच. हुकमाचा एक्का प्रत्येक हाताला टाकायला निघालात, तर समोरचा तो धरूनच बसणार!

टिपणाचा पहिला मुद्दा असा, की युनायटेडचा गोलरक्षक व्हान डर सार मारणाऱ्याच्या हुकमी बाजूला जरा जास्तच झेपावतो. म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने गोलरक्षकाच्या डावीकडे मारावं. बालाक, बेलेत्ती, लॅम्पार्ड, सगळे तिकडेच. अ‍ॅशली कोल डावखुरा, सल्ल्याप्रमाणे त्याने उलट बाजू धरायला हवी होती. तोही तिकडेच गेला. चेंडूला हात लागला, तरी गोल झाला. टेरीचा खांबाला, कालूचा जाळ्यात. सहाच्या सहा एकाच बाजूला.

इथे मौज आहे. गोलरक्षकाची सवय हेरता हेरता चेल्सीने स्वतःलाच एक सवय लावून घेतली होती.

गिग्जने गोल करून युनायटेडला 6-5 असं पुढे नेलं आणि सातवा अनेल्का आला. व्हान डर सारने दोन्ही हात पसरले आणि डाव्या हाताने डावा कोपरा दाखवला. ‘इकडेच मारताय ना सगळे?’

या इशाऱ्यात दटावणी नाही, म्हणूनच तो इतका सुंदर. बाजू मनात आधीच, नाणं उडवल्यागत ठरवून आलेल्याला या बोटाचं काय? त्याने काहीच बदलत नाही. पण सल्ला घेऊन आलेल्याला ते बोट पुन्हा विचार करायला लावतं: त्याला कळलंय, मग मी उलट मारू? की मी उलट मारणार हेही त्याला कळलंय? अकरा मीटरवर, शिट्टी व्हायच्या बेतात, हा हिशोब कुणाला सुटणार?

अनेल्का उलटा वळला, गोलरक्षकाच्या उजवीकडे. व्हान डर सारही तिकडेच झेपावला आणि चेंडू अडला. टिपणातला आणखी एक मुद्दा उंचीचा होता: हा गडी अडवतो ते बहुतेक मध्यम उंचीचे फटके, तेव्हा जमिनीलगत मारा नाहीतर उंच. अनेल्काचा फटका नेमका मध्यम उंचीचा होता.