कोठडीतील आवाज आणि पडद्यावरील चित्र

तुरुंगजीवनावरील कादंबरीचा प्रारंभ बहुधा भिंती, गज आणि पहारेकरी यांच्या वर्णनाने होतो. अर्जेंटिनी लेखक मान्वेल पुइग यांच्या 'एल बेसो दे ला मुहेर आरान्या' (१९७६) या कादंबरीचा प्रारंभ मात्र एका आवाजाने होतो. कोणी एक जण चित्रपटाची कथा सांगत आहे व दुसरा मधूनमधून प्रश्न विचारीत आहे. येथे निवेदक नाही. 'तो म्हणाला' एवढाही आधार वाचकास मिळत नाही. ब्वेनोस आयरेसच्या तुरुंगातील एका कोठडीत मोलिना व व्हालेन्तीन हे दोन कैदी आहेत, हे त्यांच्या बोलण्यातूनच हळूहळू उमगते. या कादंबरीवरून हेक्टर बाबेन्को यांनी 'किस ऑफ द स्पायडर वुमन' हा इंग्रजी चित्रपट १९८५ साली सादर केला. लेनर्ड श्रेडर यांची पटकथा असलेला हा चित्रपट गाजला आणि मोलिनाच्या भूमिकेबद्दल विल्यम हर्ट यांना ऑस्कर पारितोषिक लाभले. तथापि केवळ बोलण्यावर उभ्या असलेल्या कादंबरीस डोळे दिले असता तिचे काय होते, हा प्रश्न त्या यशाने सुटत नाही.

निवेदकाचा अभाव ही येथे तंत्राची हौस नव्हे. कोठडीत अंधार झाल्यावर माणसापाशी बोलणेच तेवढे उरते. मोलिना पूर्वी पाहिलेले चित्रपट शब्दांनी पुन्हा उभे करतो. क्रांतिकारक व्हालेन्तीन ऐकतो, हरकती घेतो आणि पुढे काय झाले म्हणून विचारतो. त्यांचे मौनदेखील ओळीवरील टिंबांनीच कळते. वाचकाची स्थितीही व्हालेन्तीनसारखीच असते. समोरचा जेवढे सांगेल तेवढेच त्यास दिसणार. म्हणून, व्हालेन्तीनकडून माहिती काढण्याचे मोलिनाने तुरुंगाधिकाऱ्याकडे कबूल केले आहे हे कादंबरीच्या मध्यावर उघड होते, तेव्हा वाचकही फसविला गेलेला असतो. ज्या आवाजावर विसंबून तो इथवर आला, तोच आता पारखून घ्यावा लागतो.

चित्रपटाच्या आरंभी या रचनेची जाण दिसते. कॅमेरा कोठडीतून संथपणे फिरतो. मोलिनाचा आवाज आधी येतो, देह मागून. परंतु लवकरच आतली कथा पडद्यावर साकार होऊ लागते. कादंबरीतील सहा कथांपैकी नाझी प्रचारपटाची कथा येथे प्रमुख ठरते व सोनिया ब्रागा तिची नायिका होतात. त्या प्रसंगांतील भडक कृत्रिमता हेतुपुरस्सर आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही प्रेक्षक कोठडीबाहेर पडतो तो पडतोच. व्हालेन्तीनला जे कल्पावे लागते, ते त्यास आयते मिळते.

शेवटी हा भेद अधिक तीव्र होतो. मोलिनाच्या सुटकेनंतरची हकीकत कादंबरीत पाळत ठेवणाऱ्या पोलिसांच्या अहवालातून कळते. इतकी प्रकरणे सोबत करणारा आवाज सरकारी भाषेत गडप होतो. मोटारीतून झालेल्या गोळीबारात तो मरतो; तो मृत्यू त्याने का ओढवून घेतला, याबद्दल अहवाल केवळ तर्क करतो. चित्रपटात मात्र मरणाऱ्या मोलिनाचा चेहरा दिसतो. पोलीस दूरध्वनीचा क्रमांक विचारतात आणि तो सांगत नाही. त्याच्या निष्ठेविषयी संशयास जागा राहत नाही. प्रेक्षकास मिळणारे हे समाधान कादंबरीने वाचकास जाणूनबुजून नाकारले होते.

याचा अर्थ चित्रपट अयशस्वी आहे असा नव्हे. आजारी व्हालेन्तीनची मोलिना शुश्रूषा करतो, त्या प्रसंगी हर्ट आणि राउल हुलिया यांच्या अभिनयातून जी जवळीक प्रकट होते, तिला कल्पनादृश्यांची गरज भासत नाही. हा चित्रपट कोठडीत थांबतो व दोघांना बोलू देतो, तेथेच तो पुइग यांच्या सर्वाधिक निकट जातो. रूपांतराची निष्ठा कथानक किती राखले यावरून मोजण्याची प्रथा आहे. ऐकणाऱ्यावर मूळ कृतीने सोपविलेले काम त्याच्याकडे कितपत राहू दिले, हीही कसोटी लावून पाहणे अगत्याचे आहे.