जाहिरात, लज्जा आणि लबाडी

दिल्लीस बदलून येणाऱ्या मराठी माणसास राजधानीचे पहिले दर्शन बहुधा रुळांलगतच्या भिंतींवरच घडत आले आहे. गुप्तरोग, नपुंसकत्व, संतानहीनता यांवर हमखास इलाज सांगणाऱ्या वैद्य-हकिमांची नावे तेथे हातभर अक्षरांत रंगविलेली असत. मी प्रथम आलो तेव्हा आई बरोबर होती. आम्ही दोघांनीही मुकाट्याने खिडकीकडे पाठ केली. ती लाज मला अजून आठवते. परंतु पुढे विचार करता वाटू लागले की, त्या भिंतीचा खरा अपराध वेगळाच होता. ज्याला मूल नाही, त्याच्या दुःखाशी ती खोटे बोलत होती.

हा भेद आपल्याकडे नेहमीच पाळला गेला आहे असे नाही. १९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १८ डिसेंबर १९५९ च्या निकालाने कायद्याचा काही भाग रद्द झाला. मुख्य प्रश्नावर मात्र न्यायालय म्हणाले की, जाहिरात हे भाषणाचे एक रूप असले तरी माल खपविण्यासाठी केलेली अशी जाहिरात ही व्यापाराची बाब होय, तिला भाषणस्वातंत्र्याचे कवच नाही. घटनेची रचना पाहता ही वाट सोयीची होती. व्यापारावर सार्वजनिक हितासाठी बंधन घालता येते. भाषणावर मात्र १९ व्या कलमात नावानिशी दिलेल्या कारणांसाठीच. त्या यादीत सभ्यता व नीतिमत्ता आहेत, सार्वजनिक हित नाही.

पण सोयीची वाट दूरवर जात नाही. दोनच वर्षांत पुण्याच्या 'सकाळ'चे प्रकरण उभे राहिले. वृत्तपत्रांची किंमत, पृष्ठे आणि जाहिरातींची जागा यांवर सरकारचे नियंत्रण आणणारा १९५६ चा कायदा व १९६० चा हुकूम न्यायालयाने रद्द केला. २५ सप्टेंबर १९६१ च्या त्या निकालपत्रात न्यायमूर्ती मुधोळकरांनी मांडलेला विचार सरळ आहे: जाहिराती घटल्या की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटला की विचारांचा प्रसार खुंटतो. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात तर व्यापारी जाहिरातही भाषणस्वातंत्र्यात मोडते, मात्र फसव्या जाहिरातीस आळा घालता येतो, असे न्यायालयाने ठरविले.

योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईत बुटांची एक जाहिरात गाजली. मिलिंद सोमण व मधु सप्रे यांच्या अंगावर बूट आणि एक अजगर, एवढेच होते. अश्लीलतेचा खटला झाला आणि निर्दोष सुटका झाली ती २००९ मध्ये. त्या चित्राने कोणाचा पैसा बुडाला नाही, कोणाचा रोग बळावला नाही. तरी चौदा वर्षे गेली.

कोणी म्हणेल, स्त्रीदेहाचा बाजार मांडणे हीही हानीच आहे. हे मला मान्य आहे, आणि त्यासाठी १९८६ चा स्वतंत्र कायदाही आहे. परंतु तेथेही कसोटी स्त्रीच्या अवमानाची असावी. पाहणाऱ्याच्या संकोचाची नसावी. संकोचाचा निवाडा अभिरुचीकडे सोपवावा. आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो. रोज डोळ्यांपुढे येणाऱ्या जाहिरातीची मात्र करीत नाही, आणि मग पोलिसाने समीक्षक व्हावे अशी अपेक्षा धरतो!

ज्यास लाज वाटते तो पाठ फिरवू शकतो, जशी आम्ही मायलेकांनी फिरविली. फसविला जाणारा माणूस मात्र भिंतीकडे तोंड करून, पत्ता टिपून घेत उभा असतो. कायद्याने त्याच्या शेजारी उभे राहावे.