सूड, पण सवडीने

आम्ही बी.कॉम.वाले. शेक्सपिअरशी आमचा संबंध ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’पुरता, तोही त्यात कर्जरोखा आहे म्हणून. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात लॉरेन्स ऑलिव्हिएचा ‘हॅम्लेट’ (१९४८) पाहून मी रात्री दीडपर्यंत जागा राहिलो, तेव्हा सौ.ने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बापाच्या खुन्याला मारायचं एवढंच काम, आणि हा राजपुत्र ते पाच अंक लांबवतो! विद्वान त्याला तत्त्वचिंतक म्हणतात. मी एकवीस वर्षं काउंटरवर काढली आहेत. मी त्याला लगेच ओळखलं. याच्या टेबलावर फाइल पेंडिंग आहे.

आता यानंतर पाहायचं काय? आमच्या कॅशियरने सूडपटांची यादीच दिली. त्यातले चार पाहिले. प्रत्येकात मुडदे हॅम्लेटच्या दुप्पट, पण मला झोप छान लागली. तेव्हा ध्यानात आलं, की सूडपट निवडताना मुडदे मोजू नयेत. सूड घेणारा कुठे अडखळतो, ते पाहावं.

या कसोटीवर पहिला नंबर अकिरा कुरोसावाच्या ‘द बॅड स्लीप वेल’चा (१९६०). इथे हॅम्लेट चक्क जपानी कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला! बापाच्या मृत्यूला कारण झालेल्या साहेबाचा तो सेक्रेटरी होतो, वर जावईही होतो. लग्नाच्या मेजवानीत केक येतो तो ऑफिसच्या इमारतीच्या आकाराचा, आणि बापाने ज्या खिडकीतून उडी घेतली, तिथे गुलाब खोचलेला! माझ्या हातातला चहा गार झाला. चष्मा लावलेला तोशिरो मिफुने इतका शांत वावरतो, की आपल्याच शाखेतला वाटावा. पण बायकोवर त्याचा खरंच जीव जडतो, आणि तिथेच हिशेब चुकतो. त्याचा शेवट पडद्यावर न दाखवता दुसऱ्याच्या तोंडून ऐकवलाय. आधी मला ती पळवाट वाटली. दुसऱ्यांदा पाहताना वाटलं, ऑफिसात माणसं अशीच नाहीशी होतात. शेवटी साहेब फोनवर कुणा वरच्या साहेबाशी कमरेत वाकून बोलतो. तो वरचा दिसत नाहीच. ही गंमत कळायला नोकरीच करावी लागते.

दुसरा, ग्रिगोरी कोझिन्त्सेवचा रशियन ‘हॅम्लेट’ (१९६४). संगीत शोस्ताकोविचचं. ऑलिव्हिएच्या किल्ल्यात धुकं आणि एकटेपणा. इथे सैनिक, दरबारी आणि हेरांची वर्दळ. ऑलिव्हिएने रोझेन्क्रान्ट्झ-गिल्डनस्टर्न ही चुगलखोर जोडी गाळून टाकलीय, कोझिन्त्सेवने ठेवलीय. बरोबरच आहे. चुगलखोरांवाचून कुठलं ऑफिस चालतं?

तिसरा विशाल भारद्वाजचा ‘हैदर’ (२०१४), काश्मीरमधला. प्रार्थनेला बसलेल्या काकावर पिस्तूल रोखून हैदर थांबतो. हॅम्लेटही तिथेच थांबतो. पण हॅम्लेट शेवटी काकाला मारतो, हैदर त्याला पाय गमावलेल्या अवस्थेत जिवंत सोडून निघून जातो. हे मला अजिबात पटलं नाही.

न पटण्याचं कारण खाजगी आहे. माझ्या वडिलांच्या ऑफिसात एका साहेबाने स्वतःची चूक त्यांच्या नावावर लोटली होती. बढती गेली ती गेलीच, पण वडील शेवटपर्यंत खाली मान घालून चालले. त्या साहेबाचा सूड घ्यायचं मी कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. सवड होत नव्हती, इतकंच.

नोव्हेंबरात तो माझ्या काउंटरसमोर उभा राहिला. हात थरथरत होते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आला होता.

मी ‘उद्या या’ म्हणू शकलो असतो. बँकेत याहून मोठं शस्त्र नाही. दोन सेकंद शिक्का हवेतच राहिला. मग मी तो मारला. ज्याला इतकी वर्षं मनातल्या मनात मारत आलो, तो हयात असल्याचा कागद मीच सहीसाठी आत पाठवला. “देव तुझं भलं करो, बाळ,” तो म्हणाला. त्याने मला ओळखलं नव्हतं.

रात्री ‘हैदर’ पुन्हा लावला.

“अहो, परत तेच?” सौ.ने विचारलं.

म्हटलं, “फाइल बंद करतोय.”