लहान सरकार आणि गांवचा तलाव

सरकारनें प्रजेच्या व्यवहारांत कोठवर हात घालावा, हा प्रश्न मराठी वाचकांस नवा नाहीं. 1888 सालीं आगरकरांनीं ‘सुधारक’ सुरू केला, तेव्हांपासून मिल आणि स्पेन्सर हीं नांवें आमच्या सुशिक्षित घरांत परिचयाचीं झालीं. तथापि आगरकरांचा झगडा मुख्यत्वें रूढीशीं होता. व्यक्तीच्या गळ्याभोंवतीं समाजानें आवळलेला फांस सैल करावा, हें त्यांचें जीवितकार्य. सरकारी फांसाविषयीं शेतकऱ्याच्या बांधावर उभें राहून सलगपणें लिहिणारा समर्थ लेखक मराठींत पुष्कळ उशिरां आला, आणि तो म्हणजे शरद जोशी. त्यांचा ‘खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने’ हा संग्रह आणि त्यांचें इतर लेखन आम्हीं नुकतेंच पुन्हां वाचलें. वाचतांना आम्हांस गोंदिया जिल्ह्यांतील जुने तलाव वारंवार आठवत राहिले. तें कां, हें सांगणें हाच ह्या लेखाचा हेतु.

जोशी 1935 सालीं साताऱ्यास जन्मले. भारतीय टपाल खात्यांत आणि पुढें स्वित्झर्लंडमधील बर्न येथें जागतिक टपाल संघाच्या कचेरींत त्यांनीं नोकरी केली. ती सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू शेती करूं लागले. 1979 सालीं शेतकरी संघटना उभी राहिली, 1994 सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष स्थापिला, आणि 2015 च्या डिसेंबरांत ते निवर्तले. त्यांच्या पक्षाचें नांव जुन्या स्वतंत्र पक्षाची आठवण करून देतें. 1959 च्या जानेवारींत काँग्रेसनें नागपूरच्या अधिवेशनांत संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला, आणि त्या धोरणास विरोध म्हणून त्याच वर्षीं राजाजींनीं स्वतंत्र पक्ष काढला. हा इतिहास निदान विदर्भाच्या वाचकांनीं तरी विसरूं नये.

जोशींचा सिद्धांत थोडक्यांत असा : शेतकरी दरिद्री आहे तो आळसामुळें, अज्ञानामुळें किंवा केवळ पावसाच्या लहरीमुळें नव्हे, त्याच्या मालास भाव मिळूं नये अशी व्यवस्था सरकारनें बुद्ध्या केली म्हणून. जिल्हाबंदी, लेव्ही, निर्यातबंदी, एकाधिकार खरेदी हीं त्या व्यवस्थेचीं हत्यारें. 1972 सालीं महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि आपण पिकविलेला कापूस आपल्या मर्जीच्या गिऱ्हाइकास विकणें हें वऱ्हाडच्या शेतकऱ्यास कायद्यानें वर्ज्य झालें. लेखक म्हणून जोशींचा विशेष हा कीं, ते शेतकऱ्याविषयीं गहिंवर आणीत नाहींत, हिशेब मांडतात. आमच्या ग्रामीण वाङ्मयानें शेतकऱ्याच्या डोळ्यांतील पाणी पुष्कळ दाखविलें. त्याच्या वहींतील तूट जोशींनीं दाखविली. त्यांचें लिखाण वाचून शहरी वाचकास दया येण्याऐवजीं लाज वाटते, आणि हें यश लहान नव्हे.

ह्या सिद्धांताची एक बाजू गोंदिया जिल्ह्यांत अनुभवानें खरी ठरली आहे. ऐन उन्हाळ्यांत येथील जंगलांत तेंदूपानांचा हंगाम असतो. पहांटे पानें तोडावीं, घरीं बसून त्यांचे पुडे बांधावे आणि नेऊन मोजून द्यावे, हा असंख्य कुटुंबांचा उन्हाळी रोजगार. 1969 च्या कायद्यानें ह्या व्यापाराचा मक्ता सरकारनें आपणाकडे घेतला. पान गांवच्या रानाचें, कष्ट गांवकऱ्यांचे; परंतु विकणारें सरकार, घेणारा ठेकेदार, आणि तोडणाऱ्याच्या हातीं केवळ मजुरी. पुढें 2006 च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर तें गोळा करणाऱ्या वनवासी समाजाची मालकी मान्य केली. आणि 2013 च्या हंगामांत गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील कांहीं ग्रामसभांनीं खात्याच्या व्यवस्थेबाहेर राहून आपलीं पानें आपण विकलीं. ज्याचा माल त्याच्या हातीं त्याचा भाव, हें जोशींचें म्हणणें येथें प्रत्यक्ष दिसलें. येथपर्यंत आम्ही सर्वस्वीं त्यांच्या बाजूचे आहों. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सरकार बाजूस झाल्यावर व्यापाऱ्यापुढें एकटा तोडणारा उभा राहिला नाहीं. ग्रामसभा उभी राहिली. डोक्यावर चार पुडे घेऊन आलेल्या एकट्या बाईस व्यापाऱ्यानें तिचा भाव विचारला नसता.

आतां तलावांकडे वळूं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर ह्या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयानें ते बांधले गेले, आणि बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचें नांव अग्रभागीं आहे. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळें मराठी घरांत ओळखीचा झाला. तो कोलू पाटील कोहळी ह्यांनीं बांधला, असें परंपरा सांगते. हा धानाचा मुलूख. परतीचा पाऊस दगा देतो, तेव्हां लोंबीवर आलेल्या धानास एकदोन पाण्यांची नड असते, आणि ती हे तलाव भागवितात. उन्हाळ्यांत तलाव उतरला म्हणजे कास्तकारांनीं तळचा गाळ काढून शेतांत टाकावा, ढिवरांनीं मासळी धरावी, गुरांनीं काठावर चरावें, अशी ही जुनी वहिवाट होती. कोणाचा निस्तारहक्क कोणता, हें इंग्रजी अमदानींत गांवच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ मध्यें नोंदविलें जाई.

हा मुलूख तेव्हां मध्यप्रदेशांत होता. त्या प्रांताच्या 1950 सालच्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून ‘मामा तलाव’, हें नांव त्यांस मागाहून पडलें. मालगुजारीचा काळ सोन्याचा होता, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मालगुजाराची वेठ ज्यांच्या आज्यापणज्यांनीं वाहिली, त्यांस ती संपल्याचें सुखच वाटलें असेल. परंतु मालगुजाराच्या जागीं गांव आलें नाहीं, खातें आलें. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाण्यावरील आपला हक्क गांवकऱ्यांनीं सोडला नाहीं. पाळ राखण्याचें कर्तव्य मात्र सरकारचें, अशी समजूत रूढ झाली. कित्येक ठिकाणीं गाळ सांचला, पाळी खचल्या, बेशरमाच्या झुडुपांनीं काठ व्यापले आणि तलावाच्या पोटांत शेतें शिरलीं.

जोशींचा अनुयायी येथें म्हणेल, ‘पाहा, सरकारनें हात लावला आणि सोन्याची माती झाली!’ रोगाचें हें निदान आम्हांस मान्य आहे. प्रश्न औषधाचा आहे. सरकारनें तलावावरून हात काढला, तर तो कोणाच्या हातीं द्यावा? एका पाळीखालीं पुष्कळांचीं शेतें असतात. वरच्याचें पाणी खालच्याकडे जातें. त्याच पाण्यांत ढिवराची मासळी असते. ज्याच्या गांठीं पैसा त्यास तलाव विकला, तर मालगुजार नव्या नांवानें परत येईल. आणि कोणासच न दिला, तर जो बळकट तो त्यांत नांगर घालील. जोशींच्या विवेचनांत सरकार आणि व्यक्ति हीं दोन पात्रें ठसठशीत उभीं आहेत. गांव हें तिसरें पात्र त्यांच्या बाजारशास्त्रांत फिकें राहिलें, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

गंमत अशी कीं, ह्या आक्षेपाचें उत्तर खुद्द जोशींच्याच चरित्रांत सांपडतें. 1990 च्या सुमारास त्यांनीं ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली. शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग स्वखुषीनें बायकोच्या नांवें करून द्यावा, आणि ज्या गांवांत शंभर जण तसें करतील तेथें आपण स्वतः जावें, असा त्यांचा संकल्प होता. त्यांनीं सरकारकडे नवा कायदा मागितला नाहीं. आणि एकेका नवऱ्याच्या सद्बुद्धीवरही तें काम सोडलें नाहीं. त्यांनीं सबंध गांवास साद घातली, आणि शेजाऱ्यानें केलें तें पाहून शेजाऱ्यानें केलें. सक्तीवांचून सुधारणा कशी होते, ह्याचा आमच्या माहितींतील हा उत्तम दाखला आहे. जोशींच्या हातांस जें उमजलें होतें, तें त्यांच्या लेखणीनें सिद्धांत म्हणून मांडलें नाहीं, एवढीच आमची तक्रार.

गोंदियांत त्याच वाटेनें कांहीं काम चालू झालेलें आहे. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साह्यानें ढिवर स्त्रीपुरुषांनीं तलावांतील बेशरम उपटून काढला, देशी पाणवनस्पति लावल्या आणि देशी मासळीस पुन्हां थारा दिला. सरकारनेंही 2017 सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. तींत गाळ स्वखर्चानें वाहून नेणें शेतकऱ्याकडे ठेवलें होतें. म्हणजे जुनी वहिवाटच सरकारी कागदावर परत आली. पण ग्रामसभेच्या हातीं अधिकारही असावा; केवळ श्रम गांवचे आणि हुकूम खात्याचा, ही तर पुन्हां वेठच होईल.

आमच्या वाचकांनीं हा संग्रह अवश्य वाचावा. त्यांत सरकारच्या अतिक्रमणाविरुद्ध जें लिहिलें आहे, तें बहुतांशीं खरें आहे, आणि शहरांत स्वस्त धान्य खाणाऱ्या आम्हां मंडळींस तें ऐकणें आवश्यक आहे. मात्र सरकार लहान करावें असें म्हणतांना, त्यानें सोडलेलें काम कोणी उचलावयाचें, हा प्रश्न प्रत्येक वाचकानें समासांत लिहून ठेवावा. गोंदियाच्या तलावांपुरतें त्याचें उत्तर आम्हांस गांव हेंच दिसतें. आणि गांवानें तें काम उचलावें, तर त्यास अधिकार, हिशेब आणि आपल्या ढिवरास व आपल्या स्त्रियांस सभेंत बरोबरीनें बसविण्याची बुद्धि, हीं तिन्ही हवींत.