‘आम्ही’ की ‘आपण’? : शिन फेन या नावाचा अर्थ आणि इतिहास

मराठी भाषेजवळ एक सूक्ष्म भेद आहे, जो इंग्रजीत नाही आणि आयरिश भाषेतही नाही. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा माणूस वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. आयर्लंडमधील ‘शिन फेन’ या राष्ट्रवादी पक्षाच्या नावाचे मराठी रूपांतर करू पाहणाऱ्याला या भेदापाशी थांबावेच लागते. ‘फेन’ म्हणजे स्वतः; ‘शिन’ म्हणजे मात्र ‘आम्ही’ही आणि ‘आपण’ही. इंग्रजीत या नावाचा अर्थ ‘फक्त आम्हीच’ असा रूढ झाला. वस्तुतः मूळ शब्दांत ‘फक्त’ कोठेही नाही. तरीही तो अर्थ निराधार होता, असे म्हणता येत नाही. या पक्षाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन भाषांतरांमधील झगडाच होय.

१९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे नाव आयर्लंडमधील चळवळीवरूनच घेतले होते. त्या आयरिश होमरूलवाद्यांचा मार्ग लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसून हक्क मागण्याचा होता. डब्लिनमधील कॅथलिक पत्रकार आर्थर ग्रिफिथ यांना तो याचकाचा मार्ग वाटला. हंगेरीच्या प्रतिनिधींनी व्हिएन्नाच्या संसदेवर बहिष्कार टाकून १८६७ मध्ये स्वतःचे राज्य मिळवले, तसे आयरिश खासदारांनी लंडनला जाऊच नये, मायदेशी स्वतःची संसद भरवावी, असे त्यांनी १९०४ साली मांडले. राजा एक, राज्ये दोन, ही त्यांची कल्पना. २८ नोव्हेंबर १९०५ रोजी डब्लिनच्या सभेत त्यांनी हे धोरण जाहीर केले आणि शिन फेनचा जन्म झाला. स्वदेशी उद्योग, स्वभाषा, स्वावलंबन हा त्याचा गाभा होता. बंदूक त्यात नव्हती.

परंतु ‘स्वतः’ कोण, हा प्रश्न पहिल्यापासूनच अडचणीचा होता. १९०४ साली लिमरिक शहरात फादर जॉन क्रे या रिडेम्टोरिस्ट धर्मगुरूंनी प्रवचनातून तेथील मूठभर ज्यू कुटुंबांवर आग पाखडली आणि त्यांच्यावर बहिष्कार टाकण्यास लोकांना चिथावले. ग्रिफिथ यांच्या वृत्तपत्राने त्या बहिष्काराचे समर्थन केले. शेतकऱ्यांच्या चळवळीचे थोर नेते मायकल डॅव्हिट यांनी मात्र त्याचा जाहीर निषेध केला. डॅव्हिटही कॅथलिक आणि राष्ट्रवादीच. तेव्हा एका काळाच्या मर्यादा म्हणून ग्रिफिथ यांची सुटका करता येत नाही. त्याच काळात, त्याच धर्मात आणि त्याच देशात दुसरा पर्याय उपलब्ध होता.

पास्काच्या सोमवारी, २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये जो सशस्त्र उठाव झाला, तो शिन फेनने केलेला नव्हता. पण ब्रिटिशांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘शिन फेनचे बंड’ म्हटले आणि विरोधकांनी दिलेले हे श्रेय पक्षाला फळले. उठावाच्या नेत्यांना गोळ्या घातल्यावर लोकमत फिरले. १९१७ मध्ये एमन डी व्हॅलेरा अध्यक्ष झाले व प्रजासत्ताक हे पक्षाचे ध्येय ठरले. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ शिन फेनने जिंकल्या. निवडून आलेल्यांत काउंटेस मार्कीविच होत्या. ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली ही पहिली स्त्री त्या पार्लमेंटमध्ये बसलीच नाही. २१ जानेवारी १९१९ रोजी तुरुंगाबाहेर उरलेल्या मोजक्या प्रतिनिधींनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. ग्रिफिथ यांचे स्वप्न अक्षरशः खरे झाले.

मात्र उत्तरेकडील प्रॉटेस्टंट बहुसंख्येला हे ‘शिन’ आपले वाटले नाही. १९२० च्या कायद्याने सहा परगणे वेगळे काढले गेले. ६ डिसेंबर १९२१ च्या तहानंतर आयरिश संसदेत जी प्रदीर्घ चर्चा झाली, तिचा भर फाळणीपेक्षा राजनिष्ठेच्या शपथेवरच अधिक होता. शब्दासाठी प्राण द्यायला निघालेली माणसे शेजाऱ्याविषयी इतकी थोडी बोलली, ही मला त्या चर्चेतील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर झाला, पक्ष दुभंगला आणि १९२२ च्या जूनमध्ये भावाने भावावर बंदूक रोखली. बिशपांनी संयुक्त पत्रक काढून तहविरोधी लढवय्यांना संस्कार नाकारले. वेदीपुढे एकत्र गुडघे टेकणारे आता ‘आम्ही’ आणि ‘ते’ झाले.

या यादवीचे सर्वांत खरे चित्र पक्षाच्या कोणत्याही ठरावात नाही. ते शॉन ओकेसी यांच्या ‘जूनो अँड द पेकॉक’ या १९२४ साली रंगमंचावर आलेल्या नाटकात आहे. ओकेसी प्रॉटेस्टंट घरात जन्मले. पण त्यांनी रंगवलेले बॉईल कुटुंब डब्लिनच्या चाळवजा वस्तीतले गरीब कॅथलिक कुटुंब आहे. मुलगा जॉनी लढ्यात एक हात गमावून बसला आहे. त्यानेच शेजारच्या टँक्रेडबाईंच्या मुलाला, आपल्या साथीदाराला, दगा देऊन मृत्यूच्या हवाली केले आहे. पवित्र मरियेच्या तसबिरीखालचा दिवा विझला की तो भयाने किंचाळतो. अखेर त्याचे साथीदारच त्याला नेऊन ठार करतात. तेव्हा जूनो, त्याची आई, प्रार्थना करते. आणि ती प्रार्थना तिची स्वतःची नसते. टँक्रेडबाईंनी आपल्या मुलासाठी केलेली प्रार्थनाच ती उच्चारते. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील पाषाणहृदयाच्या जागी मांसमय हृदय देण्याच्या वचनाचा तीत प्रतिध्वनी आहे. त्या शेजारणीचे दुःख आपण तेव्हा ओळखले नाही, याची खंत तिला जाळते. ओकेसींना अनेकांनी राष्ट्रद्रोही ठरवले. माझ्या मते ‘शिन’चा अर्थ त्यांनीच नेमका ओळखला होता : दुसऱ्या आईची प्रार्थना आपल्या ओठांवर येते, तेव्हा ‘आम्ही’चे ‘आपण’ होते.

पुढील इतिहास फुटींचा आहे. डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये बाहेर पडून फिॲना फॉल पक्ष काढला. मूळ शिन फेन क्षीण होत गेला. उत्तरेत कॅथलिकांना घरे, नोकऱ्या व मतदान यांत अन्याय सोसावा लागला, हे विसरून चालणार नाही. त्यातूनच तेथील आग पेटली. १९७० च्या फुटीनंतर शिन फेन हा प्रोव्हिजनल आयआरए या सशस्त्र संघटनेची राजकीय शाखा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. तीन दशकांत सुमारे ३,५०० माणसे मेली. त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा जीव या संघटनेने घेतला. २७ ऑगस्ट १९७९ रोजी भारताचे अखेरचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची नौका तिने उडवली. नौकेवरील दोन किशोरवयीन मुलेही दगावली. महिन्याभराने पोप दुसरे जॉन पॉल यांनी द्रोएडा येथे हिंसा सोडण्याची गुडघे टेकून विनवणी केली. आयआरएने ती फेटाळली. १९८१ मध्ये तुरुंगातील उपोषणात दहा जण मरण पावले. त्यांपैकी बॉबी सँड्स उपोषण चालू असताना खासदार म्हणून निवडून आले होते. मतपेटीचे बळ पक्षाला तेव्हा उमगले.

येथे पुन्हा एक रिडेम्टोरिस्ट धर्मगुरू पुढे येतात. निरंतर साहाय्य मातेच्या भक्तीमुळे हा संघ आपल्याला परका नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या बुधवारच्या नोव्हेनाची प्रेरणाही बेलफास्टहूनच आली. त्या शहरातील क्लोनार्ड मठाचे फादर ॲलेक रीड यांनी शिन फेनचे जेरी ॲडम्स आणि अहिंसावादी नेते जॉन ह्यूम यांच्यात गुप्त संवाद घडवून आणला. १९ मार्च १९८८ रोजी जमावाने दोन ब्रिटिश सैनिकांना खेचून नेले व त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. फादर रीड रस्त्यावर गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते. त्या वेळी वाटाघाटींचा मसुदा त्यांच्याजवळच होता. त्याच्या पाकिटाला रक्त लागले. पाकीट बदलून त्यांनी तो पोहोचता केला. १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. २००५ मध्ये शस्त्रे निकामी झाल्याची साक्ष फादर रीड यांनी एका मेथडिस्ट पाळकांच्या बरोबरीने दिली. त्याच वर्षी एका सभेत रागाच्या भरात त्यांनी उत्तरेतील ब्रिटननिष्ठांची तुलना नाझींशी केली व नंतर क्षमा मागितली. ‘आपण’ हा शब्द एकदा उच्चारून कायमचा हाती येत नाही, हेच यातून दिसते.

२००७ साली शिन फेनचे मार्टिन मॅगिनेस आणि पोपना ख्रिस्तविरोधक म्हणणारे इयन पेस्ली एकाच मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. २०१२ मध्ये मॅगिनेस यांनी माउंटबॅटन यांच्या नात्यातील राणी एलिझाबेथशी हस्तांदोलन केले. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशेल ओनील उत्तर आयर्लंडच्या प्रथममंत्री झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या राष्ट्रवादी. लंडनच्या पार्लमेंटवरील बहिष्कार पक्षाने सोडलेला नाही. ग्रिफिथ यांच्या धोरणाचा तो धागा टिकून आहे. २०१८ च्या सार्वमतात पक्षाने गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठवण्याचा पुरस्कार केला. हे ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी उघड विसंगत आहे. तेव्हा त्याला कॅथलिकांचा पक्ष मानण्याचे कारण उरलेले नाही. आपल्या गत हिंसेचा हिशेबही त्याने पुरतेपणी दिलेला नाही. मेरी लू मॅक्डॉनल्ड यांनी २०२१ मध्ये माउंटबॅटन यांच्या हत्येविषयी खेद व्यक्त केला. पण नामांकित बळीमागे अनेक अनामिक घरे अशा शब्दाची वाट पाहत आहेत.

तात्पर्य, शिन फेनची शोकांतिका स्वातंत्र्य मागण्यात नव्हती. ती मागणी न्याय्यच होती. आपल्या सर्वनामाची सीमा न पाहण्यात ती होती, आणि ती चूक कोणत्याही राष्ट्राच्या किंवा धर्मग्रामाच्या हातून होऊ शकते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मराठीत ‘आमच्या’ म्हणतो, ‘आपल्या’ नव्हे. व्याकरण चोख आहे, कारण ज्याच्याशी बोलतो तो पिताच तेवढा त्या शब्दाबाहेर राहतो. त्याच्याखेरीज त्यातून कोणालाही वगळण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.